पहिल्या पानावरची मावशी

ऑफिसात त्याला पहिलेकर म्हणत. ते काही त्याचं आडनाव नव्हतं, कामामुळे चिकटलेलं नाव होतं. लोक फोनवर काहीतरी शोधतात, समोर यादी येते, आणि यादीत जे वर असेल त्यालाच बोट लागतं. खाली काय आहे ते बघायला कोणी जात नाही. जो खाली आहे त्याला वर आणायचं, हे पहिलेकरचं काम. स्वतः तो कधी कशात पहिला आला नव्हता. शाळेत मधल्या बाकावर बसला, घरी मधला मुलगा म्हणून वाढला, आणि स्वतःच्या लग्नात तर फोटोग्राफरने त्यालाच दोनदा "तुम्ही जरा बाजूला व्हा" असं सांगितलं होतं.

काम समजायला सोपं होतं. लोक कोणते शब्द टाइप करतात ते आधी हुडकायचं. मग त्या शब्दांभोवती मजकूर लिहायचा. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे की हा आपल्यासाठीच लिहिलाय, आणि यंत्राला वाटलं पाहिजे की हा त्या शब्दासाठीच लिहिलाय. मग इतर वेबसाइटवाल्यांना गाठून आपल्या पानाकडे बोट दाखवायला लावायचं. जितकी भली माणसं बोट दाखवतील तितकं पान वर चढतं. ह्या बोट दाखवण्याला लिंक म्हणतात. त्यासाठी ऑफिसात एक वेगळा माणूस होता, लिंकवाला. तो दिवसभर अनोळखी लोकांना गोड गोड मेल पाठवायचा. "एवढी आर्जवं लग्नासाठी केली असती," तो म्हणायचा, "तर आज घरात सवती भांडत असत्या."

शब्द निवडण्यात मात्र पहिलेकरचा हात धरणारं कोणी नव्हतं. मोठ्या शब्दांमागे तो धावायचा नाही, त्यांवर सगळेच तुटून पडलेले असतात. तो छोटे शब्द वेचायचा. थोड्याच लोकांनी टाइप केलेले, पण अडलेल्या लोकांनी. 'मिक्सर चालू होतो पण पातं फिरत नाही'. 'मिक्सर जळका वास काय करावे'. असे शब्द वाचले की त्याला माणसं दिसत. ओट्यापाशी उभी, एका हातात फोन, दुसरा हात ओला. त्याला वाटायचं, आपण ह्यांचं ऐकून घेतो आहोत. त्याला आपल्या कामाबद्दल थोडंसं प्रेमच होतं.

त्या वर्षी घरातल्या वस्तू दुरुस्त करणारी एक कंपनी ऑफिसकडे आली. तिच्याकडे गाड्या होत्या, गणवेश होते, फोन उचलायला गोड आवाजाच्या मुली होत्या. नव्हती ती फक्त ओळख. शहरात तिला कोणी विचारत नव्हतं. पहिलेकर शब्दांची यादी काढून बसला, आणि ती चाळताना अगदी तळाशी त्याला दोन शब्द दिसले: 'मिक्सर मावशी'. त्याखाली 'मिक्सर मावशी पत्ता', आणि 'मिक्सर मावशी दुकान आज चालू आहे का'. ह्या शब्दांसाठी किती जण भांडताहेत ते समोरच्या रकान्यात दिसतं. तिथे शून्य होतं.

तो हसला. मिक्सर मावशी त्याची सख्खी मावशी होती.

आईची थोरली बहीण. आई रुग्णालयात नर्स होती, तिच्या पाळ्या बदलत असायच्या, म्हणून शाळा सुटली की तो मावशीच्या दुकानात जायचा. दुकान म्हणजे दोन इमारतींमध्ये उरलेली चिंचोळी जागा. त्यात एक लोखंडी टेबल, मागे भिंतभर फळ्या, फळ्यांवर उघडे पडलेले मिक्सर. टेबलाखालची जागा त्याची. तिथे बसून तो हाताला लागेल ते स्क्रू खोलायचा. मावशी त्याला खुडबुड्या म्हणायची.

दुकान मुळात काकांचं. काका दुसऱ्या गावी एक काम बघून येतो म्हणून गेले आणि आले नाहीत. दुरुस्तीला टाकलेल्या मिक्सरांचे मालक मात्र येत राहिले. मावशीने सुरुवातीला ते नुसते परत द्यायला घेतले. मग एखादा उघडून बघितला. मग एखादा चालू झाला. गिऱ्हाइकं तिला आधी वहिनी म्हणायची. काका नाहीत म्हटल्यावर वहिनी म्हणणं अवघड झालं, आणि काही दिवस सगळे तिला नुसतंच "अहो" म्हणत राहिले. टेबलाखालून दिवसभर "मावशी, मावशी" चाललेलं असायचं. ते ऐकून लोकांनीही मावशी धरलं. म्हणजे तिला हे नाव त्यानेच दिलेलं.

यादीतल्या त्या दोन शब्दांवर तो बराच वेळ थांबला. नंतर त्याने हे अनेकदा आठवून पाहिलं. आपण नकळत केलं असं त्याला सापडलं असतं तर बरं झालं असतं. तसं सापडलं नाही. त्याला सगळं कळत होतं. मावशीची वेबसाइट नाही. मावशीला शोधणारा माणूस शोधून शोधून रिकाम्या हाताने परत जातो. रिकामी जागा दिसली की पान बांधायचं, हा त्याच्या हाताचा गुण झाला होता. आपण नाही घेतली तर दुसरा घेईल, असं तो मनात म्हणाला. दुसरा कोण, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

खरा वाटणारा मजकूर वर जातो, असं त्याची टीम लीडर नेहमी सांगायची. ती त्याच्याहून लहान, चटपटीत, चूक सापडली की पेन्सिल कानामागून काढणारी. पहिलेकरने खरा वाटणारा मजकूर लिहिला. त्याला तो रचावा लागलाच नाही. लोखंडी टेबल लिहिलं. औषधांच्या जुन्या कपाटाचा खण आणि त्यात निवडून ठेवलेले मोटरीचे कार्बनचे तुकडे लिहिले. आणि मग, बोटं आपसूक चालत होती म्हणून, त्याने हे लिहिलं: 'मावशी मोटरीला कान लावतात, डोळे मिटतात आणि तिचं दुखणं ओळखतात. तीच माया आता तुमच्या दारात. खालचं बटण दाबा.' बटण कंपनीच्या फोनला जोडलेलं होतं.

"हे कान लावायचं कुठून काढलंस रे?" लीडरने विचारलं.

"सुचलं."

"वा. मला का नाही सुचत असलं काही?"

लहानपणी तो एकदा शाळेतून लवकर आला होता. मावशी मिक्सरच्या मोटरीवर गाल टेकून डोळे मिटून बसली होती. "काय करतेस?" त्याने विचारलं. "हिचं काय दुखतंय ते ऐकतेय," मावशी म्हणाली. तिने डोकं वर केलं तेव्हा गालावर मोटरीच्या जाळीचे वण उठले होते. त्यावर तो खूप हसला होता. नंतर कितीतरी दिवस आल्या आल्या तो विचारायचा, "आज काय म्हणाली मोटर?" आणि मावशी काहीतरी सांगायची. आज म्हणाली, कंटाळा आलाय. आज म्हणाली, झोप झाली नाही.

पान वर गेलं. नुसतं त्या दोन शब्दांसाठी गेलं नाही, हळूहळू मोठ्या शब्दांसाठीही चढलं. लिंकवाल्याने कान लावण्याची ती ओळ घर सजवणाऱ्या, घर आवरणाऱ्या, घराविषयी उसासे टाकणाऱ्या सगळ्या वेबसाइटवाल्यांना पाठवली. लोकांना ती आवडली. कोणी लिंक दिली, कोणी ओळच उचलून आपल्या पानावर घातली. मीटिंगमध्ये लीडरने ती मोठ्याने वाचून दाखवली. टाळ्या वाजल्या. पहिलेकर हसून खाली बघत राहिला, आणि सगळ्यांना वाटलं, किती विनयी आहे.

त्यानंतर त्याचं मावशीकडे जाणं कमी झालं. कधी गेलाच तर उभ्या उभ्या जायचा. फळ्यांवर मिक्सर विरळ झाले होते.

"गिऱ्हाईक कमी दिसतंय," एकदा त्याने म्हणून पाहिलं.

"लोक नवीनच घेतात आताशा," मावशी म्हणाली. "मोडलं की टाक. माणसांचंही तेच करतात, मिक्सरचं काय घेऊन बसलास."

त्याला हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाज त्याला नंतर, घरी, हात धुताना वाटली.

मग एके दिवशी तिचा फोन आला. "ये दुकानात. काम आहे."

"काय झालं?"

"फोनवर सांगण्यासारखं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

तो पोचला तेव्हा दुकानात एक बाई तावातावाने बोलत होत्या. शाळेत शिकवत असाव्यात, एकच गोष्ट तीन प्रकारे समजावून सांगत होत्या. टेबलावर त्यांचा मिक्सर होता, आणि शेजारी पिशवीत त्याच मिक्सरचे स्क्रू.

"तुमच्या माणसाने उघडला आणि त्याला परत जोडता येईना. तसाच टाकून गेला. म्हणाला, मोटर बदला. तुमच्या नावावर विश्वास ठेवून बोलावलं आम्ही."

"माझा माणूस?" मावशी म्हणाली. "माझा माणूस कधीच गेला, बाई. तुमच्याकडे आला असेल तर मला कळवा, मलाही त्याला दोन शब्द सुनवायचेत."

बाई गडबडल्या. त्यांनी फोन काढून पुढे धरला. "मग हे कोण? मिक्सर मावशी. हे तुमचंच ना?"

मावशीने चष्मा वर केला, वाचलं, चष्मा खाली केला. "नाव माझंच दिसतंय," ती म्हणाली. एवढंच. मग तिने स्क्रूंची पिशवी टेबलावर ओतली आणि बाईंना म्हणाली, "संध्याकाळी घेऊन जा. मोटर चांगली आहे." बाई गेल्या. असं सांगायला येणाऱ्या ह्या काही पहिल्या नव्हत्या, असं मावशीने, त्याने न विचारताच, सांगितलं. ज्यांना इथे यायचं असतं ते त्या बटणावर जातात, आणि तिथे फसतात ते इथे भांडायला येतात. औषधाच्या दुकानवाल्यानेही तिला विचारलं होतं, मावशी, शाखा काढली का.

"इतकी वर्षं माझ्या नावाने कोणी ओरडलं नव्हतं," ती म्हणाली. "आता रस्त्याने जाताना वाटतं, ह्यातल्या कोणाकोणाचं मी बिघडवलंय?"

ते पान मीच लिहिलं, हे पहिलेकरच्या ओठांवर आलं होतं. तिथवर येऊन ते फिरलं, आणि त्याच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. "मी तुझं पान करतो. ह्यांच्या वर आणतो. मला येतं ते." त्याने घाईघाईने लॅपटॉप उघडला. हे न सांगताच निस्तरता येईल, असं त्याला वाटलं. आपणच बांधलेलं पान आपणच पाडू, आणि तिला कळणारही नाही कोणी बांधलं होतं. "सांग मला. दुकान कधीपासूनचं, तुझी पद्धत काय, लोकांना काय आवडतं. सगळं घालू आपण."

"लिहिलंय की सगळं त्यात."

"कशात?"

"त्यांच्यात." मावशीने एक स्क्रू कापडाला पुसला. "चांगलं लिहिलंय. वाचून मलाच वाटलं, ह्या मावशीकडे जावं."

लॅपटॉप टेबलावर उघडाच राहिला.

"एक तेवढं चुकलंय त्यात," ती म्हणाली. "मी कान लावत नव्हते. बंद मोटरीचं काय ऐकू येणार रे? बंदच असायची ती."

बाहेर कोणीतरी शटर ओढलं. तो आवाज संपेपर्यंत ती थांबली.

"घरी सासूबाई होत्या. त्यांच्या देखत डोळ्यांतून पाणी काढायची सोय नव्हती, लेक त्यांचाच गेला होता ना. इथे गिऱ्हाईक. दुपारी जरा सामसूम असायची, तेवढ्यात डोकं टेकून घ्यायचे. एकदा तू लवकर आलास. विचारलंस, म्हणून काहीतरी सांगितलं. पोराला काय सांगणार? तुला ते पटलं. मग रोज विचारायला लागलास, आज काय म्हणाली, आज काय म्हणाली. मग रोज शोधून काहीतरी सांगावं लागायचं." तिने दुसरा स्क्रू उचलला. "ते मी तुलाच सांगितलं होतं, खुडबुड्या. दुसऱ्या कोणाला नाही."

तेव्हा त्याला कळलं की तिने ते पान आधीच वाचलं होतं आणि मग त्याला बोलावलं होतं. पान कोणी लिहिलं ते शोधायला नाही. तो आपण होऊन सांगतो का ते बघायला. आणि तो लॅपटॉप उघडून बसला होता.

"कामाचं म्हणून केलंस?"

"हो."

"मग? आवडलं का त्यांना?"

"टाळ्या वाजवल्या," तो म्हणाला. खोटं बोलायची ताकद उरली नव्हती.

मावशीने मान हलवली, जणू एखादा सुटा भाग कुठे बसतो ते सापडलं. "नावाचं एवढं नाही रे," ती म्हणाली. "नाव तूच दिलं होतंस. ते डोकं टेकणं मात्र माझं होतं."

तिने आवाज चढवला असता तर त्याला काहीतरी म्हणता आलं असतं. ती स्क्रू पुसत राहिली. त्याने लॅपटॉप मिटला, आणि आता कुठे उभं राहायचं ते त्याला कळेना. दुकानात त्याची म्हणून एकच जागा होती, आणि तिथे तो आता मावत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने लीडरला गाठलं. "ते मावशीचं पान काढायला हवं."

"कोणतं? आपलं सगळ्यात चालणारं पान? बरं वाटत नाहीये का तुला?"

"लोकांना वाटतं, ते खऱ्या मावशीचं आहे. फसताहेत लोक. ती बाई आहे खरंच, तिचं दुकान आहे."

"असेल. मग तिने करावं पान. शब्द काय कोणाच्या मालकीचे असतात का? हे तूच शिकवलंस मला."

"ती माझी मावशी आहे."

लीडरची पेन्सिल कानामागेच राहिली. "लांबची?"

"सख्खी."

"म्हणजे लिहिताना तुला माहीत होतं."

"होतं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तरी चाललं असतं. घरातल्या भांड्यात काहीतरी पडलेलं दिसावं आणि ते काढायला कोणी पुढे होऊ नये, तसं ते पाहणं होतं. "कंपनीला मी सांगते काय सांगायचं ते," ती म्हणाली आणि खुर्ची वळवली. दुपारपर्यंत पान गेलं. त्या दिवसापासून ऑफिसात त्याला कोणी पहिलेकर म्हटलं नाही. सगळे त्याच्या खऱ्या नावाने हाक मारू लागले, नवीन आलेल्या माणसाला मारावी तशी, नीट, पूर्ण.

पान गेलं, पण ओळ राहिली. ती कुठे कुठे जाऊन बसली होती. घर आवरणाऱ्यांच्या पानांवर, दुसऱ्या शहरातल्या दुरुस्तीवाल्यांच्या पानांवर, कोणाच्या तरी आईवरच्या लेखात. लिंकवाला त्याच्याबरोबर बसला. दोघांनी सगळ्यांना मेल पाठवले, आता उलटे: कृपया काढा. काहींनी काढलं. काहींनी उत्तरच दिलं नाही. एकाने कळवलं, ओळ फार सुंदर आहे, वाचकांना आवडते, राहू द्या. पूर्वी सकाळी आल्या आल्या तो आपली पानं कितवी आहेत ते बघायचा. आता ती ओळ शोधायचा, आणि ती सापडू नये म्हणून बघायचा. ती सापडायची.

मावशीचं पानही त्याने केलं. विचारून केलं. "काय घालू?"

"पत्ता घाल. वेळ घाल. आणि माझ्याकडून कोणी घरी येत नाही, हे मोठ्या अक्षरात घाल."

"आणखी काही? एवढ्याने वर जाणार नाही."

"नको जाऊ दे."

त्या तीन ओळींचं पान कसलं वर जातंय. पण खोटं पान उठल्यावर जागा रिकामी झाली होती, त्यामुळे कधीतरी, कोणी न ढकलता, ते तिथे येऊन बसलं. भांडायला येणारे थांबले. फळ्यांवर मिक्सर थोडे वाढले. तो आठवड्यातून एकदा जाऊ लागला. मावशी बोलायची त्याच्याशी, आईची तब्येत विचारायची, बायकोसाठी काही वस्तू द्यायची. खुडबुड्या म्हणायची नाही. तो गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसायचा.

असाच बसला होता तेव्हा एक म्हातारे गृहस्थ आले. मिक्सर त्यांनी टॉवेलात गुंडाळून, लेकरू आणावं तसा आणला होता. बायकोचा असावा. बायको नसावी. ते काही म्हणाले नाहीत, पण टॉवेल ज्या तऱ्हेने सोडला त्यावरून कळत होतं.

"फिरत नाही," ते म्हणाले. "बघता का?"

मावशीने स्क्रूड्रायव्हर उचलला. म्हातारे अडखळले.

"ते, म्हणजे, मी वाचलं होतं कुठेतरी. तुम्ही कान लावून बघता म्हणे. डोळे मिटून. खरं का ते?"

स्टुलावर बसल्या जागी त्याचे कान गरम झाले. नाही म्हण, असं त्याच्या मनात आलं. सांग ह्यांना, ते खोटं आहे, एका हरामखोराने लिहिलंय, आणि तो इथेच बसलाय.

मावशी त्या म्हाताऱ्यांकडे बघत होती. मग तिने टॉवेलाकडे पाहिलं.

"खरं आहे," ती म्हणाली.

तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मिक्सर जवळ ओढला, वाकली, बंद मोटरीवर गाल टेकला आणि डोळे मिटले. म्हातारे श्वास रोखून उभे राहिले. ती कामापुरती टेकून उठली नाही. राहिली. एवढा वेळ कशासाठी, हे दुकानात एकालाच ठाऊक होतं, आणि त्याला तिथून उठताही येत नव्हतं.

"कार्बन झिजलाय," शेवटी मावशी म्हणाली आणि तिने डोकं वर केलं. "मोटर चांगली आहे. बसा पाच मिनिटं."

म्हाताऱ्यांचा चेहरा उजळला. बसायला त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, तेव्हा तो स्टुलावरून उठला आणि भिंतीला लागून उभा राहिला. मावशीने औषधांच्या कपाटाचा खण ओढला. तिच्या गालावर मोटरीच्या जाळीचे वण उठले होते.